वाचकांचे प्रश्न : आंजर्ल्याच्या पुळणीवरचा काटेरी शंख

प्रश्न : सादर नमस्कार. मी दापोली तालुक्यातील एका शाळेत विज्ञान शिकवते. गेल्या महिन्यात उधाणाच्या दुसऱ्या दिवशी आमच्या सातवीच्या मुलांना आंजर्ल्याच्या पुळणीवर एक काटेरी शंख मिळाला. त्याची टोकापासून टोकापर्यंतची लांबी ८.४ सेंटीमीटर भरली. रंग मळकट राखाडी असून त्यावर फिकट तपकिरी छटा आहे, आणि खालच्या बाजूला एक लांब, निमुळती नळी आहे. सात काटे शाबूत आहेत. बाकीच्यांची नुसती बुडखी उरली आहेत. मोबाईलवर छायाचित्र टाकून शोध घेतला तेव्हा 'व्हीनसचा कंगवा' असे उत्तर मिळाले. गावातील एका जाणत्या गृहस्थांच्या मते हा 'बेडूकशंख' आहे. मुलांचा तिसराच पक्ष असा, की काटे इतके कमी आहेत त्या अर्थी ही कुठली तरी वेगळी जात असली पाहिजे. चार बाजूंनी काढलेली छायाचित्रे सोबत पाठवीत आहे. अशा शंखाची ओळख कशी पटवावी, हे मुलांना करून पाहता येईल अशा रीतीने सांगाल का?
— एक शिक्षिका, ता. दापोली

उत्तर : आपण चारही बाजूंची छायाचित्रे पाठवलीत आणि लांबी मोजून कळवलीत, त्यामुळे उत्तर देणे पुष्कळच सोपे झाले. आमच्याकडे येणाऱ्या बहुतेक पत्रांसोबत शंखाचे एकच छायाचित्र असते आणि तेही पाठीकडून काढलेले, ज्यात ओळखीच्या खुणा निम्म्याहून अधिक झाकलेल्या असतात. आपला शंख म्युरेक्स या प्रजातीतील आहे याविषयी आम्हाला शंका नाही, आणि जात बहुधा म्युरेक्स ट्रापा ही आहे. आता आम्ही या निष्कर्षापर्यंत कसे आलो ते सांगतो, कारण मुलांना नावापेक्षा त्याचाच उपयोग अधिक होईल.

काटेरी शंख हातात आला की माणूस आधी काटे मोजतो, आणि चूक नेमकी तिथूनच सुरू होते. लाटांनी लोळवलेल्या, वाळूने घासलेल्या आणि कधी जाळ्यातून ओढून काढलेल्या शंखावर किती काटे उरतील याचा काहीच नेम नसतो. तेव्हा काटे क्षणभर बाजूला ठेवा आणि ते ज्यांच्यावर उभे आहेत ते जाड, उभे कंगोरे पाहा. काटा मोडतो, पण कंगोरा सहसा मोडत नाही. शंखाचे निमुळते टोक डोळ्यासमोर येईल असा तो धरा, म्हणजे जणू देवळाचा कळस वरून पाहतो आहोत अशा रीतीने त्याची वेटोळी दिसू लागतील. आता सर्वांत मोठ्या, शेवटच्या वेटोळ्यावर किती कंगोरे आहेत ते मोजा. आपल्या तिसऱ्या छायाचित्रात ते तीन आहेत आणि तिवईच्या तीन पायांप्रमाणे एकमेकांपासून सारख्या अंतरावर आहेत. प्रत्येक वेटोळ्याला तीन कंगोरे ही म्युरेक्सची खूण आहे, आणि सगळे काटे झडून गेले तरी ती शिल्लक राहते.

बेडूकशंखाचा प्रश्न इथेच सुटतो. त्या गृहस्थांचा अंदाज मुळीच अवाजवी नव्हता, कारण आपल्या पश्चिम किनाऱ्यावर ट्रॉलच्या जाळ्यांत काटेरी बेडूकशंखही भरपूर येतात आणि दुरून पाहता दोन्ही सारखेच वाटतात. परंतु बेडूकशंखाच्या वेटोळ्यावर दोनच कंगोरे असतात आणि ते समोरासमोर, म्हणजे शंखाच्या उजव्या व डाव्या कडेला येतात. त्यामुळे तो शंख वरून-खालून दाबल्यासारखा चपटा दिसतो, टेबलावर ठेवला तर स्वस्थ बसतो, आणि त्याचे काटे दोन्ही कुशींतून बाहेर आलेले असतात. आणखी एक खूण मुखाशी आहे. बेडूकशंखाच्या मुखाला खाली एक आणि वरच्या कोपऱ्यात एक अशा दोन खाचा असतात. आपल्या शंखाच्या मुखाला वरच्या कोपऱ्यात तशी खाच नाही. खाली मात्र एकच लांबलचक पन्हळ आहे, जिला आपण पत्रात नळी म्हटले आहे.

कंगोरे तीनच का, हे मुले नक्की विचारतील. शंख हे प्राण्याचे घर आहे असे आपण म्हणतो, पण ते बांधून झाल्यावर त्यात कोणी राहायला आले असे घडत नाही. प्राणी वाढतो तसतसा त्याच्या अंगावरचा मांसल पडदा, ज्याला शास्त्रीय मराठीत प्रावार म्हणतात, मुखाच्या काठावर चुन्याचे नवे थर चढवीत जातो. म्युरेक्समध्ये ही वाढ संथपणे अखंड चालत नाही. प्राणी एका दमात वेटोळ्याचा सुमारे एक तृतीयांश भाग पुढे नेतो, मग थांबतो, आणि त्या थांब्यावर मुखाचा काठ जाड करून त्यावर काटे उभारतो. त्यानंतर पुन्हा पुढचा टप्पा. म्हणजे आपल्या मुलांच्या हातातला प्रत्येक कंगोरा हा एके काळचा मुखाचा काठ आहे, आणि टोकाकडून मुखाकडे बोट फिरवीत गेले तर त्या एका प्राण्याच्या वाढीचे सगळे मुक्काम क्रमाने बोटाखाली येतात.

शाबूत असलेल्या सात काट्यांपैकी मुखाजवळचा एखादा काटा भिंगाखाली अवश्य पाहा. तो सुईसारखा भरीव आणि चारी बाजूंनी सारखा नसतो. त्याच्या एका अंगाला लांबीभर एक बारीक चीर किंवा खोबण असते, कारण प्रावाराची एक घडी जिभेसारखी बाहेर काढून तिच्याभोवती चुना साचवीत प्राण्याने तो घडवलेला असतो, आणि घडी आत ओढून घेतल्यावर तिची जागा खोबणीच्या रूपाने उरते. आम्ही स्वतः प्रथम ही खोबण पाहिली तेव्हा कितीतरी वेळ भिंग खाली ठेवले नव्हते. आता एक अडचण उरते. वाढत वाढत मुख एक फेरा पूर्ण करून जुन्या कंगोऱ्यापाशी येते तेव्हा त्यावरचे काटे नेमके वाटेत आडवे असतात. प्राणी ते मोडत नाही. आपल्या प्रावाराने ते विरघळवून टाकतो आणि वाट मोकळी करून घेतो. म्हणून मुखाच्या आतल्या काठाशी काटे दिसले नाहीत तर ते लाटांनी मोडले असे समजू नये. ही हकीकत अमेरिकेतील अभ्यासकांनी १९७० च्या दशकातच जिवंत प्राण्यांचे निरीक्षण करून नोंदवलेली आहे.

आता जातीकडे वळू. ज्याला 'व्हीनसचा कंगवा' म्हणतात तो म्युरेक्स पेक्टेन. त्याच्या अंगावर शंभराहून अधिक काटे असतात, ते लांब, दाट आणि किंचित वळलेले असतात, आणि पन्हळीच्या जवळजवळ टोकापर्यंत फणीच्या दातांसारखे ओळीने येतात. आपल्या शंखावर काटे कमी उरले आहेत हे खरे, पण आम्ही काट्यांऐवजी बुडखी पाहिली. पन्हळीच्या वरच्या भागात मोजकी बुडखी आहेत आणि त्याखालचा भाग गुळगुळीत आहे, म्हणजे तिथे काटे कधी नव्हतेच. म्युरेक्स ट्रायब्युलस या दुसऱ्या जातीत काटे अधिक लांब असतात आणि पन्हळीवरही बरेच खालपर्यंत जातात. काटे आखूड आणि मोजके, पन्हळीचा खालचा भाग उघडा, आणि रंग राखाडी-तपकिरी, या तिन्ही गोष्टी एकत्र आल्या की म्युरेक्स ट्रापाकडे बोट जाते. मुलांचा तर्क अशा रीतीने अर्धा बरोबर ठरला: काटे मुळातच कमी असणारी ही जात आहे, मात्र ते काट्यांवरून सिद्ध होत नाही, बुडख्यांवरून होते. मोबाईलच्या उत्तरात काय चुकले हेही यावरून कळेल. 'लांब पन्हळ आणि काटे' एवढे साम्य त्याला दिसले आणि जगभर ज्याची छायाचित्रे सर्वांत अधिक काढली गेली त्या जातीचे नाव त्याने पुढे केले.

नावांविषयी दोन शब्द लिहिल्यावाचून राहवत नाही. स्वीडनचा निसर्गशास्त्रज्ञ लिनियस याने १७५८ साली ज्या शंखाला 'ट्रायब्युलस' म्हटले, तोच शब्द त्याने आपल्या गोखरूच्या झाडालाही दिला आहे. देशावर अनवाणी चालणाऱ्यांच्या पायात जो सराटा मोडतो, तोच हा. जर्मन शंखशास्त्रज्ञ रोडिंग याने १७९८ साली आपल्या शंखाच्या जातीसाठी वापरलेला 'ट्रापा' हा शब्द उपवासाच्या पिठासाठी आपण ज्याची फळे दळतो त्या शिंगाड्याच्या शास्त्रीय नावातही आहे. वर्गात एक सराटा, एक सालासकट शिंगाडा आणि हा शंख शेजारी शेजारी ठेवलात, तर ही लॅटिन नावे मुलांना पाठ करावी लागणार नाहीत.

मुखाची दिशा सांगताना मात्र सावध राहावे. निमुळते टोक वर आणि मुख आपल्याकडे असे धरले असता आपल्या शंखाचे मुख उजवीकडे येते, म्हणून प्राणिशास्त्रात तो उजवा. पूजेतील शंख पन्हळीचे टोक वर धरून पाहण्याची रीत आहे, त्यामुळे ज्याला आपण दक्षिणावर्ती म्हणतो तो दुर्मीळ शंख प्राणिशास्त्राच्या भाषेत डावा ठरतो. घरी देवघरात शंख असणारी मुले हा प्रश्न हमखास काढतात.

शंख रिकामा आहे याची खात्री आपण केली असेलच. कधी कधी मूळ प्राणी मरून गेल्यावर आत शंखवासी खेकडा राहायला येतो, आणि तो खोल दडून बसला तर बाहेरून दिसत नाही. समुद्राच्या पाण्याच्या बशीत शंख पंधरा-वीस मिनिटे ठेवल्यास पाय बाहेर येतात. मूळ प्राणी जिवंत असेल तर मुखाशी शिंगासारख्या तपकिरी पदार्थाचे घट्ट झाकण दिसते. दोन्हींपैकी कोणीही आत असेल, तर शंख जिथे मिळाला तिथेच परत सोडावा. सागरी गोगलगायींची अशी झाकणे वाळवून आयुर्वेदात 'नख' किंवा 'नखी' या नावाने सुगंधी द्रव्यांत वापरली जातात, हे आपल्यापैकी अनेकांना ठाऊक नसते.

शेवटी एक विनंती. शंखाशेजारी एक चिठ्ठी ठेवा आणि तिच्यावर ठिकाण, तारीख, भरतीच्या रेषेपासूनचे अंतर आणि सापडला तेव्हाची अवस्था लिहा. चिठ्ठी नसलेला शंख कितीही सुंदर असला तरी अभ्यासाला फारसा उपयोगी पडत नाही. सहल काढता आली, तर रत्नागिरीच्या सागरी जीवशास्त्र संशोधन केंद्रातील संग्रहालय मुलांना दाखवावे; तिथे आपला शंख इतर शंखांशी ताडून पाहता येईल.

प्रश्न : आमची हर्णैला मासेमारीची होडी आहे. ऑगस्टमध्ये बंदी उठल्यावर जाळी टाकली की मासळीबरोबर हे काटेरी शंख येतात आणि जाळ्यात असे अडकतात, की सोडवता सोडवता आईच्या बोटांची चाळण होते. गेल्या खेपेस काटा टोचून तिचे बोट तीन दिवस सुजले होते. हे काटे विषारी असतात का?
— एक वाचक, हर्णै

उत्तर : काटे विषारी नसतात. ते निव्वळ चुन्याचे बनलेले आहेत. त्यांत विषाची पिशवी नाही आणि विष वाहून नेणारी नळीही नाही. सूज येते ती जखमेत गेलेल्या चिखलामुळे, माशांच्या अंगावरच्या चिकट द्रवामुळे आणि समुद्राच्या पाण्यातील जंतूंमुळे. टोचलेली जागा लगेच गोड्या पाण्याने आणि साबणाने धुवावी, काट्याचे टोक आत मोडून राहिले आहे का ते उजेडात पाहावे, आणि धनुर्वाताची लस घेऊन बरीच वर्षे झाली असतील तर ती पुन्हा घ्यावी. सूज बोटावरून तळहाताकडे चढू लागली, ताप आला, किंवा आईंना मधुमेह असेल, तर घरगुती उपायांत दिवस न घालवता डॉक्टरांना दाखवावे.

हर्णैच्या बंदरावर संध्याकाळच्या लिलावाच्या वेळी आम्ही हे काम जवळून पाहिले आहे. एक आजी जाळे मांडीवर घेऊन बसल्या होत्या. शंख ओढून काढण्याऐवजी त्या तो ज्या दिशेने गुंतला त्याच्या उलट फिरवीत होत्या, आणि प्रत्येक वेळी पन्हळीकडचे टोक आधी मोकळे करीत होत्या. असे केले की तीन कंगोऱ्यांवरचे काटे एकामागून एक सुटतात. ओढले तर तिन्ही बाजूंचे काटे एकदमच धागे धरतात. आपल्या आईंना ही युक्ती कदाचित आमच्यापेक्षा अधिक चांगली माहीत असेल, पण नव्याने कामाला लागलेल्या मुलांना ती दाखवावी.

हा प्राणी उथळ समुद्राच्या चिखलमिश्रित वाळूच्या तळावर राहतो, आणि तळावरून फिरणाऱ्या जाळ्यात म्हणूनच इतक्या संख्येने येतो. काट्यांमुळे खेकडे आणि मोठे मासे यांना तो सहजी फोडता किंवा गिळता येत नाही. याच कुलातील भूमध्य समुद्रातील जातींपासून प्राचीन काळी आजच्या लेबनॉनमधील टायर शहरात जांभळा राजरंग काढीत. १९०९ साली पॉल फ्रीडलेंडर या रसायनशास्त्रज्ञाने १२,००० गोगलगायींपासून अवघा १.४ ग्रॅम रंग मिळवला आणि त्याची घडण शोधून काढली. तो आपल्या निळीचाच ब्रोमीनयुक्त भाऊबंद निघाला.

एक सावधगिरी मात्र कळकळीने सांगतो. जाळ्यात गुळगुळीत, भोवऱ्यासारखा निमुळता, नक्षीदार शंख जिवंत आला, तर तो तळहातावर घेऊ नका आणि खिशात टाकू नका. तो कोनशंख असू शकतो. काटेरी शंख दिसायला भयंकर आणि विषाच्या बाबतीत निरुपद्रवी आहे; कोनशंख दिसायला देखणा असतो, पण तो विषारी दाताने दंश करतो आणि त्याच्या काही जातींच्या दंशाने माणसे दगावलेली आहेत. तसेच नॉटिलस, ट्रायटन यांसारखे काही शंख २००१ सालापासून वन्यजीव संरक्षण कायद्याखाली आले आहेत. ते मिळाले तर विकू नयेत.

प्रश्न : मी पाचवीत आहे. सुट्टीत मी मुरूडच्या समुद्रावर तिसऱ्यांचे शिंपले गोळा केले. त्यांतल्या पुष्कळ शिंपल्यांना एक-एक गोल भोक आहे. आजी म्हणते की देवाने माळ ओवायला भोके पाडली. ही भोके कोण पाडते?
— एक छोटी वाचक, दापोली

उत्तर : तुझ्या आजीने त्या शिंपल्यांची माळ करून दिली असेल तर ती जपून ठेव, कारण तिच्यातला प्रत्येक मणी म्हणजे एका शिकारीची खूण असू शकेल. काही सागरी गोगलगायी मांसाहारी असतात. या अंकात वर ज्या काटेरी शंखाविषयी लिहिले आहे, त्याच्या कुलातील गोगलगायी त्यांपैकीच आहेत. खडपावर कालवांच्या आसपास दिसणाऱ्या, जाड कवचाच्या, गाठी-गाठींच्या गोगलगायीही त्याच कुलातील. तिसरी आपली दोन्ही झाकणे गच्च मिटून घेते, तेव्हा ती उघडण्यापेक्षा भोक पाडणे या शिकाऱ्याला सोयीचे जाते. त्याच्या तोंडात कानशीसारखी, बारीक दातांच्या ओळी असलेली एक पट्टी असते. तिला रेत्रिका म्हणतात. त्याच्या पायात एक विशेष ग्रंथी असते. आधी तो ग्रंथी शिंपल्यावर टेकवून आम्लयुक्त रसाने चुना मऊ करतो, मग रेत्रिकेने ते खरवडतो, पुन्हा रस लावतो, पुन्हा खरवडतो. हे काम काही तासांपासून काही दिवसांपर्यंत चालते. भोक आरपार झाले की त्यातून सोंड आत घालून तो तिसरीचे मांस खातो.

भोक पाडणारा कोण होता, हे तुला स्वतःला शोधता येईल. शिंपला उजेडाकडे धर आणि भोकाची कड पाहा. भोक वर-खाली सारख्याच रुंदीचे, खिळ्याने पाडल्यासारखे सरळ असेल, तर शिकारी काटेरी शंखाच्या कुलातला. भोक बाहेरून रुंद आणि आत अरुंद, म्हणजे सुतार स्क्रूचे डोके बसावे म्हणून लाकडात जशी उतरती खळगी करतो तसे असेल, तर ते चंद्रशंखाचे काम. तो गोल, तुळतुळीत असतो आणि वाळूत लपून शिकार करतो. कडा वेड्यावाकड्या असतील आणि भोक बिजागरीजवळच्या फुगीर भागावर असेल, तर ती बहुधा शिकार नव्हे. लाटांनी शिंपला वाळूवर घासला जाऊन तिथला चुना झिजला असेल. शिंपल्यावर चाळणीसारखी अनेक बारीक भोके असतील, तर ती स्पंजाने पोखरलेली असतात.

एका वाटीत सरळ भोकांचे, दुसरीत उतरत्या भोकांचे आणि तिसरीत झिजलेले शिंपले वेगळे कर. आधी मोजून घे आणि मगच आम्हाला लिही, की मुरूडच्या पुळणीवर कोणती वाटी सर्वांत आधी भरली.